ओल्ड वॉर्डन : तंबूतला मुक्काम आणि शंभर वर्षांची उडती विमानं

रानजाई

इथे विमानांचं वेड असलेले बरेच जण आहेत आणि उन्हाळ्यात मुलांना घेऊन तंबू ठोकायला जाणारेही आहेत. दोघांच्याही कामाचं म्हणून हा धागा काढते आहे.

इंग्लंडमध्ये बेडफर्डशायर परगण्यात, बिगल्सवेडपासून जवळच ओल्ड वॉर्डन नावाचं लहानसं गाव आहे. गवती छपरांची जुनी घरं, आजूबाजूला शेती. इथे शटलवर्थ कलेक्शन आहे. विमानांच्या बऱ्याच संग्रहालयांत विमान दोरीपलीकडे उभं असतं, टाकी रिकामी, इंजिन थंड, खाली पाटी. इथली बहुतेक विमानं मात्र उडतात. धावपट्टी साध्या गवताची आहे, आणि हँगर इतके जवळ की विमान ढकलत बाहेर आणतात तेव्हा आपण वाट द्यायला बाजूला होतो.

हे सगळं उभं राहिलं रिचर्ड शटलवर्थ या माणसामुळे. घरची जमीन आणि पैसा होता, यंत्रांची ओढ होती. मोटारींच्या शर्यतीत उतरायचा. १९३५ साली डॉनिंग्टन ग्रां प्री त्याने जिंकली. लोक भंगारात काढत होते त्या जुन्या मोटारी आणि विमानं तो गोळा करून दुरुस्त करायचा. दुसरं महायुद्ध सुरू झाल्यावर हवाई दलात गेला आणि २ ऑगस्ट १९४० ला रात्रीच्या सरावात विमान कोसळून गेला. वय ३१. एकुलता एक मुलगा. त्याच्या आईने, डोरोथी शटलवर्थ यांनी, १९४४ मध्ये त्याच्या नावाने विश्वस्त निधी केला आणि सगळी इस्टेट त्यात घातली. १९६३ पासून संग्रह लोकांसाठी उघडा आहे. मला या बाईंबद्दल फार आदर वाटतो. ज्या छंदाने मुलगा आकाशाकडे गेला तोच छंद त्यांनी जपायचं ठरवलं.

आम्ही जवळच्या एका शेतावरच्या कॅम्पसाइटवर तंबू टाकला होता. सोबत मुलं आणि पुण्याहून आलेले बाबा. दुपारी हँगर पाहायचे आणि सायंकाळचा उड्डाणांचा कार्यक्रम बघून तंबूत परतायचं, असा बेत. सायंकाळचाच कार्यक्रम निवडा, असं आवर्जून सांगते. सगळ्यात जुनी विमानं फक्त वारा पूर्ण पडला तरच बाहेर काढतात, आणि तसा वारा पडतो तो बहुधा सूर्यास्ताच्या सुमारास.

इथलं १९०९ सालचं ब्लेरियो विमान मूळ आहे, प्रतिकृती नाही. याच जातीच्या विमानातून लुई ब्लेरियोने २५ जुलै १९०९ ला इंग्लिश खाडी ओलांडली. उडू शकणारं जगातलं सगळ्यात जुनं विमान म्हणून हे ओळखलं जातं. आता त्याला फेरी मारू देत नाहीत. धावपट्टीच्या सरळ रेषेत माणसाच्या उंचीहून थोडं वर उचलतात आणि टेकवतात, तेवढंच. आम्ही होतो त्या संध्याकाळी ते बाहेर आलं नाही, पण बॉक्सकाइट नावाचं तशाच जुन्या घडणीचं विमान उडालं. बांबूच्या मांडवासारखा सांगाडा, मधे तारांचं जाळं, आणि खालच्या पंखाच्या कडेवर वैमानिक उघडाच बसलेला. आमच्या समोरून तो इतका हळू गेला की त्याचे हात नीट दिसत होते. बाबा एरवी बोलके. तेव्हा मात्र ते खुर्चीतून उठून उभे राहिले आणि विमान उतरेपर्यंत एक शब्द बोलले नाहीत.

हँगरमध्ये दोन विमानांपाशी मी बराच वेळ रेंगाळले. एक एसई-५ए, १९१८ साली ८४ क्रमांकाच्या स्क्वाड्रनमध्ये प्रत्यक्ष लढाईत असलेलं. याच जातीच्या विमानातून कोलकात्याचा इंद्रलाल रॉय फ्रान्सच्या आकाशात लढला. वय १९. जुलै १९१८ च्या अवघ्या दोन आठवड्यांत शत्रूची १० विमानं त्याच्या नावावर लागली आणि २२ जुलैला तो स्वतः पडला. दुसरं, काँपर स्विफ्ट नावाचं चिमुकलं लाल विमान. त्याची पहिली नोंदणी व्हीटी-एडीओ, म्हणजे आपली, हिंदुस्थानातली! आसामात सिल्चरच्या चहामळ्यातल्या आल्बन अली यांचं हे विमान. १९३३ साली दिल्लीत व्हाइसरॉय चषकाची हवाई शर्यत झाली तिच्यात ते उतरलं होतं. आणि खुद्द रिचर्ड शटलवर्थही त्या शर्यतीसाठी तशाच दुसऱ्या स्विफ्टमधून इंग्लंडहून दिल्लीपर्यंत उडत आला होता. ७५ अश्वशक्तीचं इंजिन, एक माणूस कसाबसा मावेल एवढी जागा, आणि खाली वाळवंटं.

प्रश्न असतील तर विचारा. कुणाला या भागातलं आणखी काही माहीत असेल तर तेही लिहा.

निवृत्त_फिटर

ताई, छान लिहिलंत. हवाई दलात माझं आयुष्य इंजिनांवर गेलं, त्यामुळे वाचताना हात शिवशिवले. तिथे सॉपविथ पप, कॅमल, ॲव्रो ५०४ अशी रोटरी इंजिनांची विमानंही आहेत. त्यांच्याबद्दल थोडं लिहितो, म्हणजे पुढे जाणाऱ्यांना काय बघायचं ते कळेल.

आपल्या ओळखीच्या इंजिनात सिलिंडर जागेवर असतात आणि मधला दांडा फिरतो. रोटरी इंजिनात उलटं. दांडा विमानाला घट्ट बांधलेला आणि सगळे सिलिंडर पंख्यासकट गरगर फिरतात. फिरतात म्हणून हवेने आपोआप थंड राहतात; पाणी नको, रेडिएटर नको, वजन कमी. त्या काळात हा मोठाच फायदा होता. पण एवढं वजन फिरत असल्यामुळे भोवऱ्याचा गुण विमानात उतरतो. कॅमल उजवीकडे झटकन वळायचं, डावीकडे वळताना नाक वर उचलायचं. शिकाऊ पोरं त्यात गेली, बरीच गेली.

वंगणासाठी एरंडेल वापरतात. पेट्रोल आणि हवेचं मिश्रण इंजिनाच्या पोटातूनच सिलिंडरकडे जातं, आणि साधं खनिज तेल पेट्रोलमध्ये विरघळतं; मग वंगण उरतच नाही. एरंडेल तसं सहज विरघळत नाही. एकदा वापरलेलं तेल परत टाकीत येत नाही, धुरासोबत बाहेर पडतं आणि वैमानिकाच्या तोंडावर बसतं. त्या विमानांच्या मागे उभं राहिलं की जो वास येतो तो आपल्या आजीच्या कपाटातला. एरंडीच्या बियांचा मोठा पुरवठा तेव्हाही हिंदुस्थानातूनच होत असे.

उतरताना इंजिन थांबल्यासारखं होतं आणि पुन्हा सुरू होतं, फट फट, शांत, फट फट. बिघाड नसतो तो. बऱ्याच रोटरी इंजिनांत वेग कमी-जास्त करायची नीट सोय नाही, म्हणून वैमानिक काठीवरचं बटण दाबून ठिणगीच तोडतो. पुढच्या वेळी डोळे मिटून नुसतं ऐका.

एसई-५ए मात्र रोटरी नाही. त्याला पाण्याने थंड होणारं आठ सिलिंडरचं इंजिन आहे.

दख्खनी

बॉक्सकाइटचं नाव वाचून राहवलं नाही. हे विमान आपल्या दख्खनच्या आकाशात उडलेलं आहे! ब्रिस्टल कंपनीने १९१० च्या शेवटी विमानं दाखवायला आणि विकायला हिंदुस्थानात पाठवली. आंरी झ्युलरो हा फ्रेंच वैमानिक सोबत होता. आधी कोलकात्यात उड्डाणं झाली, आणि १९११ च्या सुरुवातीला दख्खनमध्ये घोडदळाचा मोठा युद्धसराव होता त्यात बॉक्सकाइट वापरलं गेलं. झ्युलरो चालवत होता आणि वरून टेहळणी करायला कॅप्टन सेफ्टन ब्रँकर हा लष्करी अधिकारी बसला होता. राइट बंधूंचं पहिलं उड्डाण १९०३ चं. म्हणजे आठ वर्षांच्या आत आपल्या माळरानावर घोडेस्वारांच्या डोक्यावरून विमान गेलं होतं. आपल्याकडे हे फारसं कुणी सांगत नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं.

त्याच सुमाराला, १८ फेब्रुवारी १९११ ला, अलाहाबादेहून नैनीला विमानाने टपाल नेलं. जगातलं पहिलं अधिकृत हवाई टपाल ते.

गोदाकाठ

दख्खनी, सेफ्टन ब्रँकरचं नाव तुम्ही काढलंत आणि धागा बरोबर ओल्ड वॉर्डनच्या शेजारी येऊन पोचला. तिथून काही मैलांवर कार्डिंग्टन आहे. रानजाई, तुम्ही तंबूत होतात त्या भागात दूरवर दोन अवाढव्य शेड दिसल्या असतील. त्या हवाई जहाजांच्या, म्हणजे वायू भरून फुग्यासारख्या तरंगणाऱ्या जहाजांच्या. आर-१०१ हे २३७ मीटर लांबीचं जहाज त्यातल्या एकीत बांधलं. आत हायड्रोजन, आणि तो भरायच्या पिशव्या बैलांच्या आतड्यांच्या पातळ पापुद्र्यांपासून केलेल्या.

४ ऑक्टोबर १९३० च्या संध्याकाळी ते कार्डिंग्टनहून निघालं. जायचं होतं कराचीला, वाटेत इजिप्तमध्ये इस्माइलियाला थांबून. कराचीतही त्यासाठी प्रचंड शेड बांधून तयार होती. पहाटे दोननंतर फ्रान्समध्ये बोव्हेजवळ जहाज जमिनीवर आलं आणि पेटलं. ५४ पैकी ४८ जण गेले. ब्रँकर त्यात होता. तोवर तो नागरी विमान वाहतुकीचा प्रमुख झाला होता. आणि हवाई खात्याचे मंत्री लॉर्ड थॉमसनही गेले. आम्हा नाशिककरांसाठी यात आणखी एक गोष्ट आहे. क्रिस्टोफर थॉमसन यांचा जन्म १८७५ साली नाशिकचा! सरदारकी मिळाली तेव्हा त्यांनी नाव घेतलं 'बॅरन थॉमसन ऑफ कार्डिंग्टन'. साम्राज्य परिषदेसाठी २० ऑक्टोबरपर्यंत परत यायचं होतं म्हणून निघायची घाई होती, आणि जहाजाच्या चाचण्या पुरत्या झालेल्या नव्हत्या. वाचताना फार चटका लागतो.

सगळ्यांची एकच समाधी कार्डिंग्टनच्या दफनभूमीत आहे आणि समोरच्या सेंट मेरी चर्चमध्ये जहाजाचा होरपळलेला झेंडा ठेवला आहे. भाचीकडे गेलो होतो तेव्हा मी मुद्दाम जाऊन आलो. समाधीवरची नावं वाचायला वेळ लागतो. वाचावीत मात्र सगळी.

रानजाई

गोदाकाठ, शेड दिसल्या होत्या! मुलांनी विचारलंही, पण कसलं तरी गोदाम असेल म्हणून आम्ही पुढे गेलो. आता परत जायलाच हवं. निवृत्त_फिटर काका, तुमचा प्रतिसाद बाबांना वाचून दाखवला. ते म्हणतात, फट फट आवाजाला बाजूच्या एका आजोबांनीही हेच कारण सांगितलं होतं.

शंकासुर

धागा वाचनीय आहे, पण एक प्रश्न मनात घर करून आहे. जगात एकच उरलंय असं विमान उडवावंच का? १९९६ साली मँचेस्टरजवळ मॉस्किटो हे दुसऱ्या महायुद्धातलं विमान पडलं. ब्रिटनमधलं ते शेवटचं उडतं मॉस्किटो, त्यात दोघं गेले आणि विमानही गेलं. २०१५ साली शोरहॅमला हंटर विमान रस्त्यावर कोसळून ११ माणसं मेली, त्यांतले बरेच कार्यक्रम बघायलाही आलेले नव्हते. अजिंठ्याच्या भिंतीला आपण हात लावू देत नाही. मग १९०९ सालचं यंत्र हवेत का सोडायचं?

निवृत्त_फिटर

प्रश्न रास्त आहे आणि शोरहॅमच्या अपघाताला उत्तर म्हणून कुठलीही हौस पुढे करता येणार नाही. तिथले नियम त्यानंतर कडक केले, ते योग्यच केलं.

पण यंत्राच्या बाबतीत माझं मत वेगळं आहे. उभं ठेवलेलं इंजिन खराब होतं, सील वाळतात, आतून गंज धरतो, आणि त्याहून मोठं नुकसान म्हणजे ते चालवायचं कसब मरतं. लाकडी पंख्याला हाताने झटका कसा द्यायचा, पंखांना कापड शिवून वर द्रव्याचे थर कसे द्यायचे, तारा किती ताणायच्या, हे पुस्तकात अर्धंच येतं. उरलेलं एका हातातून दुसऱ्या हातात जातं. ओल्ड वॉर्डनला तरुण पोरं हे शिकतात, कारण विमान शनिवारी उडायचं असतं. ब्लेरियोला फक्त सरळ रेषेत उचलतात, वारा असला तर बाहेरच काढत नाहीत, हाच मधला मार्ग आहे. जिथे जोखीम जास्त वाटली तिथे प्रतिकृती उडवतात; बॉक्सकाइट प्रतिकृतीच आहे, १९६० च्या दशकात एका चित्रपटासाठी बांधलेली.

आपल्या हवाई दलानेही जुन्या विमानांचं पथक ठेवलंय. २०१८ च्या एप्रिलमध्ये इंग्लंडमध्ये दुरुस्त झालेला डकोटा उडत उडत भारतात आणला. नाव 'परशुराम', अंगावर क्रमांक व्हीपी ९०५. ऑक्टोबर १९४७ मध्ये श्रीनगरला सैन्य घेऊन उतरलेल्या डकोटाचा हा क्रमांक. तो डोक्यावरून जाताना ऐकला तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. काचेमागे असता तर मी पाटी वाचून पुढे गेलो असतो.

शंकासुर

कसबाचा मुद्दा पटला. मूळ विमानांबाबत मात्र माझा जीव अजून धजावत नाही. प्रतिकृती उडवा, मूळ जपा, इतपत मी येतो.

बोगमाळोकर

इंग्लंडला जाणं सगळ्यांना जमणार नाही, म्हणून गोव्यातलं लिहितो. दाबोळी विमानतळाच्या बाजूला, बोगमाळोच्या वाटेवर नौदलाचं हवाई संग्रहालय आहे, १९९८ पासून. लोक बीचवर जाताना समोरून जातात आणि थांबत नाहीत. थांबा. विक्रांतवरून १९७१ मध्ये कॉक्स बाजार आणि चितगावावर गेलेल्या जातीचं सी हॉक आहे, अलिझे आहे, सी हॅरियर आहे. आणि सगळ्यांत देखणं म्हणजे सुपर कॉन्स्टेलेशन. माशासारखं वाकलेलं अंग, मागे तीन शेपट्या. एअर इंडियाकडून हवाई दलाकडे आणि तिथून नौदलाकडे आलं.

एक गंमत गोदाकाठ यांच्यासाठी. कार्डिंग्टनची ती मूळ शेड पहिल्या महायुद्धात शॉर्ट बंधूंच्या कंपनीने उभारली. कामगारांसाठी वसवलेल्या वस्तीला आजही शॉर्ट्सटाउन म्हणतात. आपल्या नौदलाच्या हवाई शाखेची सुरुवात १९५३ मध्ये ज्या सीलँड विमानांनी झाली, ती याच शॉर्ट कंपनीची! पाण्यावरही उतरणारं ते विमान बोगमाळोला उभं आहे.

इथली विमानं उडत नाहीत आणि मोठी विमानं उघड्यावर आहेत. चार महिने आमचा पाऊस आणि बारा महिने खारी हवा. रंग देत राहावं लागतं. त्यांना छप्पर मिळावं असं फार वाटतं. सोमवारी बंद असतं, हे लक्षात ठेवा.

गोदाकाठ

सीलँडचं माहीत नव्हतं! डिसेंबरात गोव्याला येतोय, आता बोगमाळो पक्कं.

पारिजातक

अहो, तंबूचं कुणी विचारतच नाही. आमची मुलगी चार वर्षांची आहे. सायंकाळचा कार्यक्रम झाल्यावर अंधारात तंबूवर परतायचं म्हणजे जेवणखाण, थंडी, सगळं कसं केलंत? आणि आवाजाने लहान मुलं घाबरतात का?

रानजाई

पारिजातक, लिहायचं राहिलंच होतं. इंग्लंडात जुलैतसुद्धा रात्री गारठा पडतो आणि गवत दवाने भिजतं. जाड मोजे, टोपी आणि अंगाखाली टाकायची फुगवायची गादी हवीच. नुसत्या सतरंजीवर जमिनीचा गारवा वर येतो. तंबू दुपारीच उभा करून, अंथरुणं घालून मगच मैदानावर जा. आम्ही दशम्या, लसणाची चटणी आणि थर्मासमध्ये मुगाची खिचडी नेली होती. मैदानावर चटई आणि घडीच्या खुर्च्या नेता येतात, लोक तिथेच टोपल्या उघडून जेवतात. सकाळी छोट्या गॅसवर पोहे. शेतावरच्या कॅम्पसाइटवर चूल पेटवू देतात की नाही ते आधी विचारा, सगळीकडे चालत नाही.

आवाजाचं म्हणाल तर जुनी विमानं लहान मुलांना भिववत नाहीत. ती हळू येतात, लांबून दिसतात. स्पिटफायर आणि सी हरिकेन ही दुसऱ्या महायुद्धातली लढाऊ विमानं आली तेव्हा मात्र आमच्या धाकटीने कान झाकले. कानांवर लावायचे लहान मुलांचे मफ सोबत ठेवा. दुपारी कंटाळली तर लागूनच स्विस गार्डन आहे, दोनशे वर्षांपूर्वीची बाग. छोटे पूल, तळी, मोर. मुलं तिथे तासभर रमतात.

वारा आणि पाऊस असेल तर ठरलेली विमानं उडत नाहीत, हे मुलांना आधीच सांगून ठेवा. हँगर तरीही पाहण्यासारखे आहेत. १९३४ ची इंग्लंड ते मेलबर्न हवाई शर्यत जिंकलेलं लाल कॉमेट विमान तिथेच आहे. त्या शर्यतीत आपलं अलाहाबाद हा सक्तीचा थांबा होता. वैमानिक जवळजवळ ७१ तासांत मेलबर्नला पोचले, झोप जवळपास नाहीच.

बडोदेकर_मी

उशिरा आलो. स्पिटफायरचा उल्लेख आला म्हणून जोडतो. दुसऱ्या महायुद्धात स्पिटफायर उडवणाऱ्या एका स्क्वाड्रनचं नावच '१२४ (बडोदा)' होतं. गायकवाड सरकारांनी दिलेल्या देणगीवरून ते नाव पडलं. पुढे खूप उंचावर उडणारी खास स्पिटफायर त्यांच्याकडे होती.

एक विचारू का? तिथे अफगाणिस्तानातून आणलेलं विमान आहे म्हणतात ते पाहिलंत का?

रानजाई

हो, हॉकर हाइंड! चंदेरी नाक, दोन पंखांची जोडी, फार रुबाबदार. अफगाण हवाई दलाकडे १९३० च्या दशकापासून होतं. १९७० मध्ये त्यांनी ते भेट दिलं आणि काबूलहून ट्रकवर घालून रस्त्याने इंग्लंडला आणलं, सुमारे ६००० मैल. १९८१ मध्ये ते पुन्हा उडालं. बडोद्याचं नाव स्क्वाड्रनला होतं हे बाबांना सांगितलं, ते आता त्याचीच माहिती शोधत बसलेत.

पारिजातक

खूप आभार. आम्ही ऑगस्टमधला सायंकाळचा कार्यक्रम धरतोय. दुसऱ्या दिवशी तंबू आवरून कार्डिंग्टनला जाऊ. शेड आतून बघता येतात का?

गोदाकाठ

एरवी आत सोडत नाहीत, एका शेडमध्ये चित्रीकरणं चालतात. पण रस्त्यावरून अगदी जवळून दिसतात, गाडी बाजूला लावायला जागा शोधा. आकार कळायला शेजारच्या घरांकडे बघा. आधी शॉर्ट्सटाउनच्या बाजूने शेड बघा आणि मग कार्डिंग्टन गावात समाधीकडे जा. चर्च उघडं असेल तर झेंडा नक्की पाहा.